ऑफिसात कपडे किती कॅज्युअल चालतील? ड्रेस कोड ठरवताना हमखास येणारे प्रश्न

हे मुख्यतः अशा ऑफिसांसाठी लिहिलंय जिथे वीस ते दोनशे माणसं आहेत, एचआर म्हणजे एकच व्यक्ती आणि तीच पगारपण करते, आणि मालक किंवा डायरेक्टरनी एक दिवस कुणाची तरी फाटकी जीन्स बघून "जरा ड्रेस कोडचं बघा" असं सांगून टाकलंय. मी पुण्यात एचआरमध्ये काम करतो, त्यामुळे उदाहरणं पुण्या-मुंबईकडचीच जास्त येतील.

ड्रेस कोड हवाच कशाला? सगळे मोठे आहेत, ज्याला त्याला कळतं

दहा जणांचं ऑफिस असेल, सगळे एकमेकांना ओळखत असतील तर खरंच गरज नाही. पण "आमच्याकडे ड्रेस कोड नाही" असं जिथे सांगतात तिथेही तो असतोच, फक्त लिहिलेला नसतो, आणि न लिहिलेल्या नियमाचा त्रास सगळ्यात नवीन माणसाला होतो. लातूर किंवा परभणीहून पहिल्या नोकरीला आलेला मुलगा इंटरव्ह्यूसाठी घेतलेल्या दोन फॉर्मल पँटी आणि तीन शर्ट यावर महिना काढतो, शेजारचे सगळे गोल गळ्याच्या टी-शर्टात, आणि तो विचार करत बसतो की आपणही असं आलं तर चालेल की हे फक्त सीनियर लोकांना माफ आहे. विचारायची लाज वाटते. याच्या उलटही होतं, पहिल्याच दिवशी हुडी घालून आलेल्या मुलीला कोणी काही बोलत नाही पण तीन महिन्यांनी अप्रेझलमध्ये "प्रेझेंटेबल राहत जा" असं ऐकवतात. हे वाईट. कपड्यांत हवी तेवढी सूट द्या पण ती सूट किती ते स्पष्ट शब्दांत लिहा, माझं म्हणणं एवढंच आहे आणि खालची बहुतेक उत्तरं त्यातूनच येतात.

किती ढिला ठेवायचा ते कशावरून ठरवायचं?

मालकाच्या आवडीवरून नाही, हे पहिलं. आधी बघा की तुमच्या माणसांना बाहेरचं कोण बघतं. बँकेची शाखा, सीए फर्म, हॉस्पिटलचं रिसेप्शन, इथे समोरचा माणूस पैसे, कागद किंवा जीव घेऊन आलेला असतो आणि त्याला समोरच्याच्या कपड्यांवरून थोडा धीर येतो, हे आपल्याला पटो न पटो. सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम, जिचं अख्खं काम स्क्रीनवर चालतं आणि क्लायंट सात समुद्रापार, तिला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून नक्की काय मिळतं ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

दुसरं, हातानं काम काय करतात. सर्व्हर रॅकमागे वाकणारा, गोडाऊनमध्ये खोकी मोजणारा, साइटवर जाणारा, यांना पांढरा शर्ट म्हणजे शिक्षा.

आणि तिसरी गोष्ट, जी पॉलिसी लिहिताना कोणाच्याच डोक्यात येत नाही, ती म्हणजे माणसं ऑफिसला येतात कशी. डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढून घाटकोपरला उतरलेल्या माणसाच्या शर्टाची इस्त्री तुम्ही ऑफिसात साडेनऊला तपासताय, ती मुंब्र्याच्या आधीच संपलेली असते. पुण्यात बहुतेक जनता टू-व्हीलरवर, हेल्मेट, स्कार्फ, पाठीवर सॅक, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये धूळ आणि धूर खात येते. तुम्ही स्वतः ड्रायव्हर ठेवलेल्या एसी गाडीतून येत असाल तर पॉलिसीचा पहिला ड्राफ्ट लोकलनं येणाऱ्या कोणाला तरी वाचायला द्या, पाच मिनिटांत खरं काय ते कळेल.

जीन्सचं काय? सगळं भांडण तिथेच आहे

आहे खरं. आणि ते फक्त तुमच्याकडे नाही, मंत्रालयापर्यंत जाऊन आलेलं आहे. ८ डिसेंबर २०२० ला राज्य सरकारच्या सामान्य प्रशासन विभागानं परिपत्रक काढलं की सरकारी कर्मचाऱ्यांनी ऑफिसात जीन्स आणि टी-शर्ट घालू नये, गडद रंगाचे किंवा चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, स्लिपर नको, आणि आठवड्यातून निदान एकदा, शुक्रवारी, खादी घालावी. कारण असं दिलं होतं की कपडे नीट नसले तर कामासाठी येणाऱ्या लोकांच्या मनात ऑफिसची प्रतिमा खराब होते. पुढे काय झालं, तर चार महिने पण गेले नाहीत आणि मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी उठली, टी-शर्टवरची मात्र राहिली. म्हणजे ज्या यंत्रणेला नियम करायची आणि पाळायला लावायची सवय आहे तिलाही जीन्स थोपवता आली नाही, तर तुमच्या आमच्या साठ माणसांच्या ऑफिसचं काय घेऊन बसलात. (त्यानंतर जून २०२१ मध्ये सीबीआयच्या नव्या संचालकांनी जीन्स, टी-शर्ट, स्पोर्ट्स शूज बंद केले, ते आधी महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक होते. तपास यंत्रणेचं समजू शकतो, तो धंदाच वेगळा.)

माझं मत, साधी, न फाटलेली, गडद निळी किंवा काळी जीन्स चालते असं लिहून मोकळं व्हा. फाटकी नको, गुडघ्यावर भोकं असलेली नको, कमरेवरून घसरणारी नको, हे एका वाक्यात मावतं. जीन्स आणि कॉटन ट्राउझर यातला फरक आता समोरच्याला दोन फुटांवरून कळत नाही, आणि वर इस्त्रीचा शर्ट असेल तर कोणी खाली बघतही नाही.

आणि टी-शर्ट?

कॉलरवाला सगळीकडे चालावा. गोल गळ्याचा, तर तुमच्याकडे बाहेरची माणसं किती येतात त्यावर. घोळ होतो तो छापलेल्या मजकुराचा. पक्षाचं चिन्ह, दारूचा ब्रँड, शिवी किंवा शिवीसारखं काहीतरी इंग्रजीत, आणि जातीचा अभिमान वगैरे, हे सरळ बंद ठेवा. महापुरुषांचे फोटो आणि घोषणा याबद्दल एकालाच अडवलंत तर प्रकरण हाताबाहेर जाईल, म्हणून नियम सगळ्यांना सारखा: मोठा मजकूर किंवा मोठं चित्र नको. आयपीएलच्या जर्सीला मी तरी कधी अडवत नाही, पण चेन्नईच्या जर्सीवर मुंबईवाला बॉस टोमणे मारणार हे गृहीत धरा.

फक्त शुक्रवारी कॅज्युअल ठेवलं तर? सगळीकडे असतं की

असतं, पण का असतं ते बघा. ही पद्धत हवाईकडून अमेरिकेत आली असं सांगतात, तिथे साठच्या दशकात शुक्रवारी फुलाफुलांचे शर्ट घालून ऑफिसला जायची मुभा मिळाली. मग १९९२ मध्ये लीवाय स्ट्रॉस या जीन्सवाल्या कंपनीनं ऑफिसातलं कॅज्युअल म्हणजे काय हे सांगणारी पुस्तिका छापून अमेरिकेतल्या हजारो एचआर मॅनेजरांना धाडली, आणि त्यांना खपवायच्या होत्या आपल्याच डॉकर्स ब्रँडच्या खाकी पँटी. म्हणजे आपण जे "कॉर्पोरेट कल्चर" म्हणून डोक्यावर घेतलं त्यात बराच भाग पँटी विकणाऱ्यांचा.

प्रॅक्टिकली बोलायचं तर शुक्रवारच्या सवलतीला माझा विरोध नाही पण तिला लॉजिक नाही. जीन्समध्ये शुक्रवारी काम होत असेल तर मंगळवारीही होतं. शुक्रवारीच क्लायंट आला तर? आणि ज्यांची सुट्टी गुरुवारी, इंडस्ट्रियल एरियात वीजवाल्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे असते, त्यांनी कॅज्युअल बुधवार करायचा का. पण मालक पूर्ण सूट द्यायला घाबरत असतील तर दोन-तीन महिने शुक्रवारपासून सुरुवात करा, काही आकाश कोसळत नाही हे दिसलं की बाकीचे वार आपोआप सुटतात.

मोठ्या कंपन्यांनी काय केलं?

सोडत गेल्या सगळ्या. आयबीएम एकेकाळी पांढऱ्या शर्टासाठी प्रसिद्ध, त्यांनी १९९५ मध्ये लू गर्स्टनर प्रमुख असताना ते सोडलं. इन्फोसिसनं २०१५ च्या जूनपासून रोज कॅज्युअलला परवानगी दिली, तोवर आठवड्याच्या सुरुवातीला टायसुद्धा होता. गोल्डमन सॅक्ससारख्या सूटवाल्या अमेरिकन बँकेनं पण मार्च २०१९ मध्ये नियम सैल केले. आता यावरून "आपणही करूया" एवढंच घेऊ नका, गोल्डमनला टेक कंपन्यांकडे पळणारी पोरं थांबवायची होती. तुमच्याकडे पोरं कपड्यांमुळे सोडून जातायत का, की पगारामुळे, ते आधी बघा.

"प्रसंगाला शोभतील असे कपडे घाला" एवढंच लिहिलं तर? आम्ही लांबलचक पॉलिसी लिहिणार नाही

हे जनरल मोटर्स या अमेरिकन गाड्यांच्या कंपनीत मेरी बारांनी केलं होतं, त्या तिथे एचआर बघत असताना. दहा पानांचा ड्रेस कोड काढून त्याजागी फक्त दोन शब्द ठेवले, योग्य कपडे घाला अशा अर्थाचे. लिंक्डइनवर ही गोष्ट दर महिन्याला कोणीतरी टाकतं पण पुढचा अर्धा भाग टाकत नाही. झालं असं की एका सीनियर डायरेक्टरनं तक्रार केली की माझ्या टीमला कधीकधी अचानक सरकारी अधिकाऱ्यांना भेटायला जावं लागतं, तेव्हा जीन्स कशी चालेल, जरा नीट नियम द्या. मेरी बारा म्हणाल्या की तुमच्या टीमशी तुम्हीच बोला. त्या टीमनं चर्चा केली आणि ठरवलं की जे चारजण अशा भेटींना जातात त्यांनी एकेक चांगली पँट ऑफिसात आणून ठेवायची. संपला विषय.

यातली खरी करामत दोन शब्दांत नाहीये, त्या टीमनं बसून बोलण्यात आहे. तुमच्याकडे मॅनेजर लोक अशा विषयावर टीमशी मोकळेपणी बोलू शकतात का? बहुतेक ठिकाणी नाही बोलत, ते एचआरला मेल टाकतात, आणि मग "योग्य" म्हणजे काय ते ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो. म्हणून आपल्याकडे दोन शब्द पुरत नाहीत आणि दहा पानं कोणी वाचत नाही. अर्धं पान. वाद ज्या आठ-दहा गोष्टींवरून होतो त्यांची नावं घ्यायची, बाकी सोडून द्यायचं.

बायकांसाठी वेगळी यादी करावी का? म्हणजे ओढणी, लेगिंग, स्लीव्हलेस वगैरे

शक्यतो नको. मी बघितलेल्या पॉलिसींमध्ये पुरुषांसाठी तीन ओळी असतात आणि बायकांसाठी बारा, आणि त्या बारा ओळी वाचल्या की लिहिणारा कोणत्या सोसायटीत वाढलाय ते कळतं. "शालीन", "मर्यादशील", "डीसेंट" हे शब्द काढून टाका, कारण त्यांचं माप कोणाच्या डोळ्यात असतं? पलाझोवर कुर्ती चालते पण लेगिंगवर नाही, ओढणी पिनअप केलेलीच पाहिजे, असल्या नियमांचा कामाशी संबंध शून्य आणि ते तपासणार कोण, तर कोणीतरी उठून बायकांच्या कपड्यांकडे बघत फिरणार. तेच नकोय.

वस्तूंबद्दल लिहा, अंगाबद्दल लिहू नका. "जिमचे कपडे नकोत, झोपायचे कपडे नकोत, शॉर्ट्स नकोत, फाटकं नको" हे स्त्री-पुरुष सगळ्यांना लागू होतं. स्लीव्हलेस कुर्ता आपल्याकडे मे महिन्यात निम्म्या बायका घालतात, तो बंद करून काही साधत नाही. साडी, पंजाबी ड्रेस, शर्ट-पँट, जीन्स-कुर्ती, ज्याला जे सोयीचं.

आणि एक कायद्याची गोष्ट. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समिती असावीच लागते, आणि लैंगिक अर्थाची शेरेबाजी हा त्या कायद्यात छळच आहे. त्यामुळे "आज काय विशेष, एवढं फिटिंगचं?" असं जो बोलतो त्यानं ड्रेस कोडची ढाल पुढे करायची नाही. कोणाचे कपडे नियमात बसत नसतील तर एचआरनं, एकट्यात, एका वाक्यात सांगायचं. शक्यतो बाईला बाईनं.

टिकली, मंगळसूत्र, बांगड्या, गंध, पगडी, हिजाब, दाढी?

सगळं चालतं. लिहून ठेवा की चालतं. मशीनजवळ काम असेल तर सुरक्षेचा मुद्दा येतो, तो खाली बघा, आणि तोही सगळ्या धर्मांच्या सगळ्या वस्तूंना सारखा लावायचा.

चप्पल चालेल का? कोल्हापुरी?

वर म्हटलेल्या २०२० च्या परिपत्रकात गंमत होती, बायकांना चप्पल, सँडल, बूट चालतील आणि पुरुषांना बूट किंवा सँडल. म्हणजे बाईनं कोल्हापुरी घातली तर नियमात आणि पुरुषानं घातली तर बाहेर. त्या कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि नाव घेतलं नाही म्हणून इथे केवढा गदारोळ झाला, आणि आपल्याच ऑफिसच्या दारात वॉचमन सांगणार की साहेब चप्पल नॉट अलाउड. कुर्त्यावर किंवा जीन्सवर स्वच्छ कोल्हापुरी दोघांनाही चालली पाहिजे असं माझं ठाम मत आहे, फक्त नवीन असेल तर ती कर्रकर्र वाजते तेवढं ओपन ऑफिसात सांभाळा.

बंद काय ठेवायचं, तर बाथरूम स्लिपर. क्रॉक्सबद्दल मी हात टेकलेत.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर नियम वेगळे आहेत असं चक्क लिहा. लेदर बूट जुलैमध्ये कोणाला घालायला लावणं म्हणजे त्याचे दोन-तीन हजार पाण्यात घालणं, ओल्या मोज्यांचा वास मीटिंग रूममध्ये पसरतो तो वेगळाच. फ्लोटर, रबरी सँडल, पटकन वाळणारी पँट, सगळं चालतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आलेला माणूस जिना चढताना दिसला तर ते ड्रेस कोडचं उल्लंघन नाही, तो त्या दिवशी आला हेच खूप. ऑफिसनं करायची गोष्ट एवढीच की रेनकोट टांगायला जागा, छत्र्यांना बादली आणि बूट बदलायला दाराजवळ एक बाक. आमच्याकडे बाक ठेवल्यापासून फरशी पुसणाऱ्या मावशींची कुरकुर निम्म्यावर आली.

उन्हाळ्यात टाय आणि ब्लेझर?

टाय तर मला बारा महिने कळत नाही. जपान सरकारनं २००५ मध्ये कूल बिझ नावाची मोहीम काढली, उन्हाळ्यात ऑफिसचा एसी २८ डिग्रीवर आणि लोकांनी टाय-कोट काढून यायचं, खुद्द पंतप्रधान कोइझुमी बिनटायचे फिरायला लागले. जपानसारखा शिस्तीचा देश टाय काढू शकतो तर नागपूर-अकोल्यात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथल्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या गळ्यात तो का. वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमात उन्हाळ्यात काळ्या कोटातून सूट आहे, फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट सोडून.

दुसरा मुद्दा विजेचा. फुल फॉर्मल घातलेली माणसं एसी २० वर नेतात आणि सुती कुर्ता घातलेली दिवसभर शाल पांघरून बसतात. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणणं एसी २४ वर ठेवा. कपडे हलके केलेत तर २५-२६ वरही भांडण होत नाही, बिल दिसतं ते अकाउंटवाल्यांना विचारा.

आमची फॅक्टरी आहे, वर ऑफिस खाली शॉपफ्लोअर. एकच नियम कसा?

एक नियम नाहीच. वर कॅज्युअल, खाली सुरक्षा, आणि मध्ये दारावर पिवळी पट्टी. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूजला ज्यांनी काम केलंय त्यांना हे सांगायला नको. लेथ किंवा ड्रिलिंग मशीनजवळ ओढणी, सैल बाही, स्कार्फ, गळ्यातली चेन, हातातलं कडं, मोकळे केस यातलं काहीही फिरत्या भागात अडकलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही, आणि हातमोजे घातले की बरं असं वाटतं पण फिरत्या ड्रिलजवळ मोजाच आधी ओढला जातो. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या २२ व्या कलमातच लिहिलं होतं की चालत्या मशीनजवळ ऑइलिंग किंवा तपासणी करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे, आणि ते मालकानं पुरवायचे. पुरवायचे, हे बरेच जण विसरतात.

त्रास मशीनवाल्यांचा नसतो, त्रास वरच्यांचा असतो. "दोनच मिनिटं जाऊन येतो" म्हणत परचेसचा माणूस सँडलवर खाली जातो, अकाउंटची मॅडम बिल घेऊन ओढणी सोडून जाते, आणि डायरेक्टर पाहुण्यांना घेऊन बिनचष्म्याचे फिरतात. दारापाशी तीन-चार मापांचे सेफ्टी शूज, चष्मे, ॲप्रन आणि केसांच्या जाळ्या टांगून ठेवा, पट्टी ओलांडायची तर घालायचंच, मग तो कोणी का असेना. इथे मात्र मी अजिबात कॅज्युअल नाही.

क्लायंट व्हिजिट असली की?

आदल्या दिवशी दुपारपर्यंत मेसेज जायला हवा, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर "उद्या सगळे फॉर्मल" टाकलं तर इस्त्रीवाला काय झोपेतून उठणार का. आणि सगळे म्हणजे कोण? जे मीटिंगमध्ये बसणार ते. बाकीच्यांनी उगाच चकाचक होऊन क्लायंट काचेतून बघणार म्हणून ताठ बसायचं, हे त्या क्लायंटलाही कळतं. खुर्चीमागे एक ब्लेझर किंवा कपाटात एक इस्त्रीचा शर्ट कायम ठेवायची सवय लावली तर निम्म्या अडचणी मिटतात.

व्हिडिओ कॉलवर?

वरून शर्ट, खाली जे असेल ते. उठू नका.

त्यापेक्षा युनिफॉर्मच देऊन टाकला तर? कटकट नको

रिसेप्शन, ड्रायव्हर, सर्व्हिस इंजिनिअर, दुकानातला स्टाफ यांना ठीक आहे, गिऱ्हाइकाला कोणाला विचारायचं ते कळतं. पण मग खर्च कंपनीचा आणि जोड किमान तीन. सहा दिवसांचा आठवडा आणि दोन जोड, त्यात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवर कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, मग कुबट वासाचा शर्ट घालून तो माणूस गिऱ्हाइकासमोर उभा राहतो. कापड बघायला स्वतः जा, पॉलिस्टरचं चमकदार कापड स्वस्त पडतं आणि घाम धरतं. आणि बायकांना साडीच हवी की शर्ट-पँट ते त्यांना विचारा.

डेस्कवर काम करणाऱ्यांना युनिफॉर्म म्हणजे शाळा. शिक्षकांनासुद्धा मार्च २०२४ मध्ये राज्यानं जीन्स-टीशर्ट नको, शर्ट इन केलेला पाहिजे असं सांगितलं तेव्हा स्टाफरूममध्ये काय काय बोललं गेलं असेल त्याची कल्पना करा.

ट्रॅडिशनल डे आणि नवरात्रातले रंग?

हौसेनं होऊ दे. नवरात्रातल्या नऊ रंगांची टूम महाराष्ट्र टाइम्सनं लोकप्रिय केली आणि आता लोकलचा लेडीज डबा ते मंत्रालय सगळीकडे तो रंग दिसतो. फोटो काढा, नाश्ता मागवा. फक्त दोन गोष्टी, एकतर कोणी त्या रंगात आलं नाही तर "तू का नाही" असं विचारायचं नाही, नऊ रंगांचे नऊ कपडे सगळ्यांकडे नसतात आणि सगळ्यांना घ्यायचेही नसतात. आणि बेस्ट ड्रेस्डचं बक्षीस ठेवू नका, त्यातून पुढे सहा महिने पुरेल एवढं राजकारण होतं. संक्रांतीला काळी साडी, पाडव्याला नऊवारी, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाला फेटे, ज्याची त्याची मजा.

कपडे ठीक असतात पण चुरगळलेले, घामाचा वास...

इस्त्रीचा नियम करू नका, स्वच्छतेचा करा. वासाबद्दल सांगणं हे एचआरच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम, आणि त्याला पॉलिसी उपयोगी पडत नाही. एकट्यात सांगा, संध्याकाळी निघताना सांगा म्हणजे त्याला दिवसभर तोंड लपवत बसावं लागत नाही, "लोकं म्हणतायत" असं म्हणू नका, "मला जाणवलं" म्हणा. पीजीमध्ये राहणाऱ्या पोरांना पाणी एक दिवसाआड येतं हे पण लक्षात असू द्या. आणि उलट बाजूनं, परफ्यूमनं अंघोळ करून येणाऱ्यालाही सांगायचं असतं, ते मात्र कोणी सांगत नाही.

नियम मोडला तर घरी पाठवायचं का? दंड?

घरी पाठवलं तर तुमचाच दिवस बुडतो. पगारातून दंड कापायच्या भानगडीत पडूच नका, पगार कपातीवर कायद्याची बंधनं आहेत. पहिल्यांदा तोंडी, पुन्हा झालं तर साधा मेल, आणि तिसऱ्यांदा झालं तर समजा की एकतर नियम चुकीचा आहे किंवा त्या माणसाचं भांडण कपड्यांशी नाही, दुसऱ्याच कशाशी तरी आहे. बोलून बघा.

आमचे साहेब स्वतःच बर्म्युडावर येतात, मग आम्ही कोणाला काय सांगणार?

सांगू नका. साहेब जे घालतात तोच ड्रेस कोड, कागदावर काहीही असो. कागद साहेबांच्या कपाटाप्रमाणे तरी बदला नाहीतर साहेबांना तरी. दुसरं जमलेलं मी पाहिलेलं नाही.

एक नमुना द्या ना, कॉपी-पेस्ट करायला

घ्या, आपापल्या हिशोबानं बदला:

"ऑफिसात स्वच्छ, न फाटलेले आणि काम करायला सोयीचे कपडे घालावेत. जीन्स, कॉलरचा किंवा साधा टी-शर्ट, कुर्ता, साडी, पंजाबी ड्रेस, शर्ट-पँट सर्व चालेल. शॉर्ट्स, जिमचे व झोपायचे कपडे, फाटकी जीन्स, मोठा मजकूर किंवा पक्षाचं चिन्ह असलेले कपडे आणि बाथरूम स्लिपर नकोत. धार्मिक वा पारंपरिक वस्तूंना हरकत नाही. पावसाळ्यात कोणतंही पावसाळी पादत्राण चालेल. क्लायंट मीटिंगला बसणाऱ्यांना एक दिवस आधी कळवलं जाईल. शॉपफ्लोअरवर पिवळ्या पट्टीपलीकडे सुरक्षा साहित्याशिवाय कोणालाही प्रवेश नाही. शंका असल्यास एचआरला विचारा. दुसऱ्याच्या कपड्यांवर शेरे मारू नका."

हे सगळं अर्ध्या पानात बसतं. ऑफर लेटरसोबतच पाठवा, जॉइन झाल्यावर नाही, म्हणजे मुलगा पहिल्या पगाराआधी उसने पैसे घेऊन नको ते कपडे विकत घेत नाही.

शनिवारी ऑफिसात कोणी नसतं, तेव्हा थ्री-फोर्थ चालेल?

कोणी नसेल तर विचारताय कोणाला. पण ऑडिटर, इन्कम टॅक्सची नोटीस आणि मालकाचे सासरे, तिन्ही शनिवारीच येतात, एवढं लक्षात ठेवा.